आमचा अचानक फंड

गोडाऊनमध्ये काम केलं की किस्से साठतात. मालाला निदान डिस्पॅच तरी असतो. किस्से पडूनच राहतात, आणि चहाच्या टपरीवर कोणीतरी एक काढला की त्याच्यामागून दहा घरंगळत येतात. त्यातले आमच्या फंडाचे किस्से मी आज सांगून टाकतो. फंडात आम्ही चौघं. मी, माझा चुलत भाऊ रोशन, कामतघरचा आसिफ आणि पडघ्याची दर्शना. चौघंही अंजूरच्या एकाच गोडाऊनमध्ये पॅकिंगला. गोडाऊन ज्या जमिनीवर उभं आहे ती एके काळी आमच्या घराची होती. पण ते नंतर.

*

सुरुवात माझ्या दाढेने झाली. रूट कॅनल सांगितलं होतं. बाबांकडे पैसे मागितले तर म्हणाले, "आमच्या वेळी दोरा बांधून काढायचो!"

मी म्हटलं, "म्हणूनच तुम्हाला आता भाकरी कुस्करून लागते."

पैसे मिळाले नाहीत. दाढेत लवंग धरून मी शिफ्टा मारत राहिलो. शेवटी दर्शना पॅकिंगची टेप आपटून ओरडली, "तुझं तोंड बघून माझा स्पीड कमी होतोय! चौघांनी काढा पगारातून थोडे थोडे, आणि याची दाढ आटपा एकदाची!"

दाढ आटपली, पण दर पगारातून पैसे काढायची सवय राहिली. पैसे दर्शनाच्या खात्यात, कारण तिला 'नाही' म्हणायला अर्धा सेकंदही लागत नाही. नियम एकच. ज्याला पैसे हवेत त्याने उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं, "हे अचानक आहे का?" चौघांचं एकमत झालं तरच पैसे. माझी स्वतःची एक अट होती, ती मी पहिल्याच दिवशी सांगितली. काहीही होवो, हा पैसा मोठ्यांच्या हाताला लागता कामा नये.

*

पहिला उभा राहिला रोशन. बाईकचा टायर फुटला होता.

दर्शनाने टायरवरून हात फिरवला. "हा टायर आहे की टक्कल?"

"अगं, अचानक फुटला!"

"फुटला अचानक. झिजला रोज."

नामंजूर! रोशन भर उन्हात फाट्यापासून बाईक ढकलत घरी गेला. त्या महिन्यापासून तो टायरचे पैसे वेगळे काढतो आणि वर दुसऱ्यांना शिकवतो, "बाईक घेतली म्हणजे टायर पण घेतलाच ना रे?" अशा थाटात, जणू हा शोध त्याचाच!

*

आसिफची केस सगळ्यात पटकन सुटली. वादळात त्याच्या खोलीचा पत्रा उडाला. पत्रा उडायची तारीख कोणी छापत नाही. मंजूर!

मी आपलं सहज विचारलं, "पण तो पत्रा गेला कुठे?"

"पड़ोसी के छप्पर पे."

"मग परत घे ना!"

"कैसे लूँ, भाई? बोलता है, दो साल का लीकेज बंद हो गया, अल्लाह ने भेजा है!"

*

हा फंड बाबांच्या कानावर गेला. संध्याकाळी समोर बसवून म्हणाले, "पोरांकडं पैसं पडून राहणं बरं न्हाय. माझ्याकडं दे, सांभाळतो."

सांभाळतो! या माणसाने जमीन विकली तेव्हा घरात एवढे पैसे आले की मोजायला माणूस बोलावला होता. मोठी गाडी आली, तीन मजली बंगला आला. त्याच्या वरच्या दोन मजल्यांना अजून प्लास्टर नाही, कबुतरं भाडं न देता राहतात.

मी विचारलं, "बाबा, जमिनीचे पैसे कुठे गेले?"

"अचानक संपलं रं."

"अचानक कसे? मी रोज बघत होतो. दरवर्षी मला शाळेत सोडायला येणारी गाडी लहान होत गेली. कॉलेजची फी भरायची वेळ आली तेव्हा दारात स्कूटी होती. तीही हप्त्यावर. मी कॉलेज सोडलं ते अचानक नव्हतं, बाबा. ते गाडीच्या साइजवरून कळत होतं!"

बाबा उठून बाहेर गेले. जाताना स्कूटी मात्र घेऊन गेले.

*

मग आला ब्रेक. कॉन्ट्रॅक्टरने एका दुपारी सांगितलं, "काम कमी आहे, घरी बसा, बोलावलं की या." सगळे त्याच्याकडे ॲडव्हान्सला पळाले. तो ॲडव्हान्स देतो, आणि पुढच्या पगारातून वाढवून कापतो. आम्ही चौघं गेलोच नाही. 'हे अचानक आहे' म्हणून चौघांनी मंजुरीचे हात वर केले, फंडातून पंधरवड्याचं रेशन आणलं, आणि वर एक दिवस बिर्याणी खाल्ली!

कामावर परत आलो तर गेटवर आमच्या पिशव्या उघडायला लावल्या. आमच्याच!

"ॲडव्हान्स घेतला नाही. रडले पण नाहीत. म्हणजे काहीतरी उचललंय," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला.

दर्शनाच्या पिशवीत डबा निघाला. डब्यात भेंडी.

ती म्हणाली, "साहेब, उद्या पण तपासा. उद्या अंडाकरी आहे!"

*

आणि मग रोशनची हळद.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. जनाकाका, म्हणजे रोशनचा बाप, आठवडाभर एकच वाक्य बोलत होता: "आवाज पडघ्यापर्यंत गेला पाहिजे!" भिंतीएवढा डीजे आणला. आत्या आणि तिच्याबरोबरच्या बायका हळदीची गाणी म्हणायला बसल्या, तर त्यांना सांगितलं, "ए, तुमचं नंतर."

ऐन रंगात डीजे बंद! मांडवभर माणसं हात वर करून तशीच उभी. डीजेवाला मशीनवर हात ठेवून म्हणाला, "बाकीचे पैसे द्या, मग पुढचं गाणं."

काकाने ॲडव्हान्स देऊन बाकीचं आहेराच्या पाकिटांवर सोडलं होतं, आणि पाकिटं उद्या लग्नात येणार होती. बाबांनी माझं बखोट धरलं. "फंड काढ! घराण्याची अब्रू हाय. न्हाय दिलंस तर घरात पाय ठेवू नको."

काका ओरडला, "आता तर अचानक हाय ना? चौघं पण हितंच हायेत! घ्या तुमची मिटिंग!"

घेतली. रोशन पाटावर, नखशिखान्त पिवळा. त्याच्याभोवती आम्ही तिघं. बाहेरून अख्खं गाव. दर्शना माझ्या कानात म्हणाली, "आज घरच्यांसाठी नियम मोडला, तर उद्या सगळ्यांची घरं रांगेत उभी राहतील." मग मोठ्याने विचारलं, "काका, डीजेची रक्कम कधी ठरली?"

"साखरपुड्याला."

आसिफ म्हणाला, "तो चाचा, बेचारे ने अचानक नहीं माँगा. देर से माँगा."

तीन हात खालीच राहिले. काका पोराकडे वळला. "तू बोल रोशन! नवरा तू हायेस!"

पिवळ्या तोंडात फक्त डोळे आणि दात दिसत होते. रोशन म्हणाला, "बाबा, लग्न माझं हाय. डीजे तुमचा हाय."

डीजेवाल्याने वायरी गुंडाळल्या. बाबांच्या हातातून माझं बखोट सुटलं. मांडवात इतकी शांतता झाली की मटणाचं पातेलं उकळताना ऐकू येत होतं.

तेवढ्यात आत्याने घसा खाकरला आणि गाणं उचललं. बायकांनी मागून धरलं. आसिफने पाण्याचं रिकामं पिंप पालथं घातलं आणि लागला बडवायला. पोरं नाचायला लागली, मग बायका, मग चक्क बाबा!

काका कोपऱ्यात खुर्चीवर तोंड फुगवून बसला होता. चार गाणी त्याने ते पिंप कसंबसं सहन केलं. मग तरातरा उठला, आसिफला बाजूला ढकललं, "असं वाजवतात व्हय रं?" आणि त्याने जो ठेका धरला! गळ्यातली चेन पाठीवर गेली, शर्ट भिजला, पण थांबायचं नाव नाही.

गाणं संपल्यावर धापा टाकत, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "म्हयन्याला किती भरता रं तुमी?"

गालाची हळद पुसत दर्शना म्हणाली, "काका, आधी इंटरव्ह्यू असतो."