स्लाव्काच्या वहीतले रिकामे कप्पे

आमच्या टॅमरॅक गावात येणारं प्रत्येक पत्र आधी स्लाव्काच्या हातात पडतं. एकोणतीस वर्षं झाली, ती पोस्टाच्या खिडकीमागे बसते. कुणाला नोटीस आली, कुणाच्या मुलीने पत्ता बदलला, सगळं हिला आधी कळतं आणि हिच्या तोंडून कुणालाच कळत नाही. मी हिचा नवरा, ऑरेस्ट हाव्रिश, शाळेची बस चालवतो. मलाही काही कळत नाही. दुसऱ्याचं टपाल म्हणजे दुसऱ्याचं टपाल, संपला विषय. गेल्या वर्षी आमच्या घरात अकरा महिने जे चाललं होतं त्याचं मूळ ह्या एका वाक्यात आहे, आणि थोडं माझ्यात, हे आधीच कबूल करून टाकतो.

गावाचा बर्फावरच्या हॉकीचा संघ आहे, ट्रॅपर्स. सोळा ते वीस वर्षांची पोरं, कुठकुठल्या शेतांवरून आलेली. त्यांना राहायला वसतिगृह नाही. गावातली घरंच एकेक पोरगं ठेवून घेतात. आमची मुलगी कॅलगरीला गेली, तिला हॉकीचं नाव काढलेलं खपत नाही, म्हणून तिची खोली रिकामी. बावीस वर्षांत त्या खोलीत अठरा पोरं राहून गेली. एकेक जण घोड्यासारखं खाणार, तळघरात ओले पॅड वाळत घालणार, आणि तो वास एप्रिलपर्यंत घरातून जाणार नाही. मी कुरकुर करायचो आणि स्लाव्का पिरोही, म्हणजे आमच्या बटाट्याच्या करंज्या, तळत राहायची.

आता तिच्या वहीबद्दल. प्लास्टिकच्या पानांची जाड वही, एका पानाला नऊ कप्पे. दर शरद ऋतूत आमचे पोलिस संघातल्या पोरांची कार्डं छापतात. पुढे फोटो, मागे 'रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा' वगैरे. शाळेतल्या लेकरांनी पोलिसदादाला गाठून ती मागायची अशी पद्धत. त्या लेकरांच्या रांगेत आमची ही उभी राहते, पोस्टाचा कोट घालून. आणलेलं कार्ड वहीत घालते आणि शेजारचा कप्पा रिकामा सोडते. तो त्या पोराच्या मोठ्या लीगमधल्या कार्डासाठी. अठरा पोरं, अठरा रिकामे कप्पे. पोरं झाली वेल्डर, अग्निशामक दलात, दोघं मास्तर, एक विमा विकतो. मी म्हणायचो, अगं, कूपनं तरी घाल त्यात. ती ऐकल्या न ऐकल्यासारखं करायची.

त्या अठरांतलाच एक लेन सोरेल. तीन हिवाळे आमच्याकडे राहिला, इतकं कुणी राहिलं नव्हतं. बचावफळीत खेळायचा, बोलायचा कमी. सामन्याच्या दिवशी सकाळी टोस्टवर लोणच्याची काकडी ठेवून खायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काठीला टेप गुंडाळायचा. टेबलाला अजून तो चिकटपणा आहे, स्लाव्का पुसू देत नाही. इथून तो मोठ्या लीगच्या एक पायरी खालच्या लीगमध्ये गेला आणि चौथ्या वर्षी फेब्रुवारीत पूर्वेकडच्या एका मोठ्या संघाने त्याला बोलावून घेतलं. आम्ही टीव्हीवर बघितलं. स्लाव्का खुर्चीत बसलीच नाही. सहा मिनिटं चाळीस सेकंद खेळला पोरगा. मग कुणीतरी मागून येऊन त्याला मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर आपटलं, त्याचं डोकं काचेला लागलं आणि तो उठला तो दोघांच्या खांद्यावर. पुन्हा कधी खेळला नाही. हळूहळू त्याचे फोनही बंद झाले. हिने वाढदिवसाला निरोप पाठवला, त्याला 'थँक यू' एवढंच उत्तर आलं. आपण पोरांच्या मागे लागायचं नाही, त्यांना वाटलं तर ती येतात, असं ही सगळ्यांना सांगत आली होती. त्यामुळे स्वतः फोन करणार नाही.

पण एक सामना खेळला की कार्ड निघू शकतं. मोठ्या लीगमधल्या खेळाडूंची कार्डं एक कंपनी छापते आणि बंद पाकिटांत विकते, आत कोण निघेल ते फाडल्याशिवाय कळत नाही. नोव्हेंबरात कंपनीच्या नव्या कार्डांची यादी आली, त्यात लेनचं नाव होतं. नावापुढे चांदणी. म्हणजे साधं कार्ड नाही, फक्त सहीचं, आणि तेही मोजकंच. बाजारात कुणाकडे आलं तर सरळ विकत घेऊन टाकू, असं मी म्हणालो. माणसाने सरळ बोलावं आणि बोलणी खावीत, दुसरं काय.

"घरचं पोरगं विकत घेतात का रे?" ती म्हणाली. "ते पाकिटातूनच यायला पाहिजे. यायचं असेल तर येईल."

झालं. हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारी पाकिटांची खोकी असतात. रोज पोस्ट बंद झालं की एक पाकीट. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, पाकीट कात्रीने नाही, शिवणीवरून फाडायचं, आणि कार्डाच्या कडेला बोट लागेल तर शपथ. कोपरा दबला की कार्डाची किंमत गेली, हे मला सतराशे साठ वेळा ऐकवलं. लेन येईना. यायचा तो फिनलंडचा एक गोलरक्षक, दात काढून हसणारा. डिसेंबरअखेर त्याची तेरा कार्डं झाली होती. त्याचं तोंड बघून माझं डोकं फिरायचं.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती पाकीट फाडून थेट दिव्याखाली गेली. हातात कार्ड नव्हतं, एक चिठ्ठी होती. लेन सोरेल, सही केलेलं कार्ड, तयार होताच पाठवण्यात येईल. मागचा नंबर खरवडून कंपनीला कळवावा. ह्या धंद्यात असंच असतं. खेळाडूला स्टिकरांचे ताव पाठवतात, तो त्यावर सह्या करून परत धाडतो, मग कंपनी ती स्टिकरं कार्डांवर चिकटवते. सह्या वेळेत आल्या नाहीत तर पाकिटात ही चिठ्ठी. स्लाव्काने नंबर कळवला, चिठ्ठी रिकाम्या कप्प्यात ठेवली आणि त्या रात्री मला बीटच्या सुपात दुप्पट साय मिळाली.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ती कंपनीला दर पंधरवड्याला फोन करायची. गाणं वाजायचं, मग एक माणूस यायचा, 'प्रक्रिया चालू आहे' म्हणायचा. एकोणतीस वर्षं जी बाई लोकांना सांगत आली की पत्र उद्या नक्की येईल, तिलाच आता कुणीतरी झुलवत होतं. जून गेला. ऑगस्टमध्ये शेवटी एका माणसाने जरा शोधून सांगितलं, ताव एप्रिलमध्येच खेळाडूच्या घरी पोचले आहेत, कुणीतरी सही करून घेतले आहेत, खेळाडू परत पाठवत नाही, आम्ही काय करणार.

स्लाव्काने फोन ठेवला. मला वाटलं आता चिडेल. चिडली असती तर परवडलं असतं.

"त्याच्याकडे आहेत ते," ती म्हणाली. "त्याला सही करायची नाही. आपली कटकट नकोय त्याला."

मला त्या पोराचा असा राग आला म्हणून सांगू. तीन हिवाळे हिच्या हातचं खाल्लं, आणि दोन सह्या करायला ह्याचा हात झिजतो? मी तसं बोललोही, आणि हिने मला गप्प केलं नाही. त्यावरून काय ते समजलो. सप्टेंबरात पोरं ठेवायचं काम बघणारी बाई, लॉरेटा, यादी घेऊन आली तेव्हा स्लाव्काने दारातूनच सांगितलं की यंदा कुणी नको. बावीस वर्षांत पहिल्यांदा. वही कपाटावर गेली. सामन्याच्या दिवशी रेडिओसुद्धा लावेना. तळघरात वास नाही, जिन्यावर बूट नाहीत, आणि बावीस वर्षं ज्याच्यासाठी मी बोंबलत होतो ती शांतता मला खायला उठली.

डिसेंबरात लॉरेटा परत आली. मोसमाच्या मध्येच दुसऱ्या संघाशी अदलाबदल होऊन एक पोरगा येतोय, कुठेच पलंग नाही, निदान जानेवारीपर्यंत. स्लाव्का आत निघून गेली. मी म्हणालो, बघतो. खोली तर झाडून ठेवू, मग हिला मनवता येईल, असा माझा विचार. खोलीतल्या फालतू वस्तू टाकायला मी तळघरातली पेटी उघडली.

ही पेटी म्हणजे स्लाव्काचाच कायदा. पोरगं निघून गेल्यावर त्याचं जे काही मागे राहील किंवा मागाहून येईल ते पेटीत टाकायचं. उघडायचं नाही, पुढे पाठवायचं नाही. ते न्यायला तरी पोरं घरी येतात, असा तिचा हिशेब. मोजे, दातांची कवचं, बँकेची पत्रं. वरच एक जाडजूड लिफाफा होता, कुरिअरचा. लेन सोरेल, आणि खाली आमचा पत्ता. 'हाव्रिश यांच्याकडे' असंही नाही. नुसतं नाव आणि घर. कंपनीचा शिक्का. पावतीची पिवळी प्रत वर डकवलेली, आणि त्यावर सही माझी.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. आठवलं मला. एप्रिलमधलं ते वादळ, मी दारातला बर्फ उपसतोय, आत टीव्हीवर सामन्याचा तिसरा, शेवटचा डाव चाललाय, आणि कुरिअरवाला म्हणतो इथे सही करा. केली. नाव बघितलं, लेनचं, म्हणजे पेटी. खाली जाऊन टाकला आणि धावत वर आलो, कारण स्कोअर बरोबरीत होता. टपालाने आला असता तर हिच्या हातून गेला असता. आला तो नेमका कुरिअरने, माझ्या हातात. खरं सांगतो, तो लिफाफा परत खाली दडपून टाकावा असं क्षणभर मनात आलं. कुणाला कळलं असतं?

वर नेऊन टेबलावर ठेवला. स्लाव्काने आधी पत्ता वाचला. मग सही वाचली.

"तुझाच कायदा," मी म्हणालो. "उघडायचं नाही, पेटीत टाकायचं."

"मी कुठे काय म्हणाले?" ती म्हणाली, आणि तिने फोन उचलला. त्या पोराला, स्वतःहून. पहिल्यांदा.

लेन तीन तासांवर पोटॅशच्या खाणीत काम करतो. रविवारी आला. अंगाने भरला होता, डोळ्यांना गडद चष्मा, उजेड सोसत नाही म्हणाला. लिफाफा बघून तो हसला नाही की रडला नाही. त्याला वाटलं होतं की एका सामन्याच्या माणसाचं कार्ड काढायचा विचार कंपनीने सोडून दिला. त्याने कुणाला विचारलंही नाही, लाज वाटली म्हणे. आम्हाला फोन का नाही केलास, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. सहा मिनिटांचं काय सांगायचं होतं काका, असं तो म्हणाला. मी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

स्लाव्काने त्याच्यापुढे पिरोही ठेवल्या आणि विचारलं, "आईबापाच्या शेतावरचा पत्ता का नाही दिलास? निदान तिथे ह्याच्यासारखा मूर्ख नव्हता दाराशी."

"फॉर्मवर 'घरचा पत्ता' असं होतं, मावशी," तो म्हणाला. "मग घरचा लिहिला."

ती सिंककडे वळली आणि बराच वेळ एकच बशी धूत राहिली.

लिफाफ्यातल्या कागदावर लिहिलं होतं की सह्या तीस सप्टेंबरच्या आत पोचाव्यात. डिसेंबर चालू होता. मी सुचवलं की एक स्टिकर काढून पोलिसवाल्या कार्डावर लावून टाकू, प्रश्न मिटला. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चमध्ये थुंकलोय. स्टिकर कंपनीचे, कार्ड पोलिसांचं, असली भेसळ वहीत चालणार नाही. लेनने साठच्या साठ सह्या केल्या, त्याच चिकट टेबलावर. दर दहा सह्यांनी डोळे मिटून बसायचा. सोमवारी स्लाव्काने पाकीट स्वतः तोललं, स्वतः शिक्का मारला आणि रजिस्टर केलं. सोबत पत्र, चूक आमच्या घरची, खेळाडूची नाही.

महिन्याने उत्तर आलं, ह्या वेळी टपालाने, तिच्या खिडकीत. मुदत संपल्यामुळे सह्या स्वीकारता येत नाहीत. हे कार्ड आता निघणार नाही. ताव नियमानुसार नष्ट केले आहेत. गैरसोयीबद्दल त्याच तोलामोलाचं दुसरं कार्ड पाठवत आहोत. तिने लिफाफा घरी आणून टेबलावर उपडा केला. फिनलंडचा गोलरक्षक. चौदावा, आणि ह्या वेळी चकचकीत.

मी शिव्या दिल्या. कंपनीला, कुरिअरला, फिनलंडला, आणि उरलेल्या सगळ्या स्वतःला. वर जिन्यावर लॉरेटाने आणलेल्या नव्या पोराचे बूट वाजत होते, त्यामुळे जरा हळू आवाजात. स्लाव्काने कपाटावरून वही काढली. हात धुतले, कोरडे केले. लेनच्या शेजारच्या कप्प्यातली चिठ्ठी काढून केरात टाकली. मग कात्री घेतली, जी ती कधी घेत नाही, आणि कुरिअरच्या लिफाफ्यावरचा तुकडा नीट चौकोनी कापला. लेनचं नाव, आमचा पत्ता, खाली पिवळी पावती. कोपरे दबू न देता तो कप्प्यात सरकवला आणि वही माझ्यापुढे फिरवली.

"सहीचं कार्ड हवं होतं ना," ती म्हणाली. "घे. सही तुझी आहे."