वाचले, सही

थापा मारण्यात आमच्या तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. साताऱ्यात शिकत असताना तिथल्या वाचनालयाची तीन कपाटं मी एका उन्हाळ्यात फस्त केली आणि चौथ्याची किल्लीच हरवली म्हणून थांबलो, असं मी वर्गात सांगायचो. पोरं आ वासून ऐकायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तासगावजवळच्या एका हायस्कुलात मी मास्तर होतो. या कीर्तीवरच हेडसरांनी दहावीच्या मुलांसाठी कादंबऱ्या निवडायला मला सांगलीला धाडलं. अट एकच. वयात आलेल्या पोरांच्या हाती जाणारं पुस्तक निवडणाऱ्यानं आधी वाचायचं आणि पहिल्या पानावर लिहायचं, ‘वाचले. मोठ्या वर्गास योग्य’, खाली सही.

चाळीस पुस्तकं मी तासगावच्या एसटीत ‘वाचली’. कवलापूर येईतो निम्म्यांवर सह्या झाल्या होत्या. खड्ड्यांमुळे अक्षर तेवढं उड्या मारत होतं.

महिन्याभरात पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार त्यातलीच एक कादंबरी हातात घेऊन शाळेत आले. मागं त्यांची दहावीतली मुलगी, वर्गात सगळ्यांत हुशार.

“मास्तर, ह्यातली पोरगी बापाला न सांगता एका पोरासंगं साताऱ्याला जाती. सही तुमची न्हवं?”

“हो, म्हणजे...”

“सर, शेवट सांगा की आण्णास्नी,” मुलगी म्हणाली. “माझं ऐकत न्हाईत. तुमी सांगिटलं तर ऐकतील. न्हाईतर शाळा बंद करणार हायत माझी.”

शेवट! मला सुरुवातसुद्धा ठाऊक नव्हती. आणि म्हणे हजार पुस्तकं माझ्या पोटात! ‘वाचलं नाही’ एवढे दोन शब्द तोंडातून निघेनात. निघाले ते असे, “दुकानदारानं गठ्ठ्यात घुसडलेलं दिसतंय. घाणेरडंच आहे ते.”

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. हवालदारांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. “मग माझंच बरोबर,” म्हणाले आणि तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

पुस्तक मी त्या रविवारी वाचलं. ती पोरगी नर्सिंगला जाते. सोबतचा पोरगा तिचा मामेभाऊ, तिला पोचवायला आलेला. शेवटी ती परीक्षा पास होऊन घरी येते, आणि बाप स्वतःच्या ताटाशेजारी तिचं ताट मांडतो. मी रडलो. ही थाप नव्हे.

तडक त्यांच्या द्राक्षबागेकडं गेलो. मुलगी बांधावर पाण्याची घागर घेऊन उभी होती.

“वाचलं व्हय सर?” तिनं विचारलं. म्हणजे तिला त्या दिवशीच कळलं होतं.

“वाचलं.”

“आण्णा आत हायत. चला.”

वेलींच्या मांडवाखाली हवालदार पाठमोरे वाकलेले दिसत होते. वीस पावलं असतील.

“आज जरा गडबडीत आहे,” मी म्हणालो. “उद्या येतो.”

ती घागर घेऊन मांडवात गेली. मी दुसऱ्या दिवशीही गेलो नाही.