नाक्यावर विचारलं, “पास है?”

मंडळी, वाशिमला पोहोचलोय.

वहिनीचं लेकरू तापानं फणफणलं होतं, म्हणून सकाळीच बैलगाडी जुंपून वाशिमच्या डॉक्टरकडं निघालो. कनेरगाव नाक्यावर निजामाची हद्द संपते. तिथं बंदूकवाल्या शिपायानं गाडी अडवली.

“पास है?”

हद्द ओलांडायला आता परवाना लागतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, “व्हय, पास हाय. चौथी पास.”

शिपायाला वाटलं, ही थट्टाच करून राहिली. त्यानं बंदूक माझ्या छातीला लावली. “मजाक करते?”

शाळेत या इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ मी पाठ केले होते. परीक्षेत पास, रेल्वेचा पास, डोंगरातली खिंड म्हणजे पास, पत्त्यांत डाव सोडला तरी पास. पण त्या बंदुकीपुढं यातला एकही अर्थ कामाचा नव्हता. वहिनीनं लेकराला छातीशी घट्ट धरलं.

तेवढ्यात चौकीतून शिपायांचा म्हातारा जमादार आला. त्यानं लेकराच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. “इनकू पास करो,” एवढंच म्हणाला, आणि शिपायानं गाडी सोडली.

पुढं आल्यावर वहिनीनं हळूच विचारलं, “भावजी, त्यो काहून वरडला? म्या खरंच पास हाय की!” मला हसूसुद्धा आलं नाही.

डॉक्टरांनी औषध दिलंय, लेकरू निजलंय. पण उद्या त्याच नाक्यावरून घरी परतायचंय, आणि जमादार तिथं असेलच असं नाही. तुमच्यापैकी कुणी परवान्याशिवाय परत आलंय का? शिपायाला काय सांगितलंत?