आंटीजींच्या उपासाचे फ्राइज

गेल्या शारदीय नवरात्रात, पाचव्या माळेला, माझ्या हातून एक घोळ झाला. अजून तो डोक्यातून जात नाही... म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आम्ही मूळचे नगरचे. नवऱ्याच्या चंडीगडमधल्या संशोधनाच्या नोकरीपायी शेजारच्या झिरकपूरला येऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. समोरच्या फ्लॅटमध्ये आंटीजी आणि त्यांची सून नेहा. मुलगा गुडगावला, फक्त शनिवार-रविवारी येणारा.

नेहाला सहावा महिना लागला होता. आधी दोनदा अर्ध्यावरच सगळं संपलेलं, त्यामुळे डॉक्टरांनी पूर्ण बेडरेस्ट सांगितलेली. त्या बाळासाठी आंटीजींनी नऊ दिवसांचं कडक व्रत धरलं होतं. सुनेला तीन वेळा गरम जेवण... आणि स्वतः दिवसभर चहा, दूध, केळी.

पाचव्या दिवशी त्या लिफ्टपाशी भिंतीला हात टेकून उभ्या दिसल्या. मला राहवेना. त्यांना बीपीमुळे तळलेलं बंद, पण माझ्याकडे एअर फ्रायर होता ना! आणि बटाटा उपासाला कुणाला चालत नाही? आमच्या घरचा तर बाणाच 'एकादशी, दुप्पट खाशी'.

बटाटे बोटाएवढे लांब कापले, अर्धा तास थंड पाण्यात ठेवले, मग फडक्यावर पसरून खडखडीत कोरडे केले. (एकदा हे न करता लावले होते... मऊ, लोंबते, अगदी बिचारे दिसत होते.) चमचाभर शेंगदाण्याचं तेल चोळलं आणि बास्केटमध्ये गर्दी न करता दोन घाण्यांत लावले. मध्ये एकदा बास्केट हलवली.

कुरकुरीतपणासाठी मी एरवी कॉर्नफ्लॉवर भुरभुरते. ती बरणी हातात घेऊन परत ठेवली, उपासाला धान्य नको म्हणून. पेरी-पेरी मसालाही नाही. स्वतःच्या हुशारीवर जाम खूश होते मी! मीठ तेवढं सगळ्यात शेवटी घातलं, आधी घातलं तर पाणी सुटतं.

संध्याकाळी त्यांची आरती झाल्यावर बशी नेऊन दिली. "हाय, कितने करारे हैं!" म्हणत आंटीजींनी सगळे संपवले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी दिसली. माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं मीठ संपलं. खालच्या दुकानात पुडा मागितला तर दुकानदार म्हणतो, "व्रत वाला दूँ कि रोज़ वाला?"

मी तिथेच गार. आमच्या घरी उपासाला मीठ म्हणजे मीठ, वेगळं काही असतं हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. दुकानदाराने समजावलं... इकडे व्रतात फक्त सैंधव. साधं मीठ पोटात गेलं की व्रत मोडलं.

वर येऊन घरात सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "कशाला सांगतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची. मिठाने काय होतंय?" मीही काही फार देवभोळी नाही. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली तर? त्या घरात काही वाईट झालं तर त्या बशीचं काय करायचं मी... आयुष्यभर?

आणि समजा काहीच झालं नाही, तरी त्या बाईने उपाशी राहून धरलेलं व्रत मी मोडलं होतं. तिला ते माहीतही नव्हतं. हे मला जास्त टोचत होतं.

दुपारपर्यंत तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा बेल दाबली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आंटीजींचा चेहरा पांढरा पडला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं... त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

तो दिवस आणि पुढच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते दार बंद. नेहा कशी आहे, विचारायची सोय नाही. पॅसेजमध्ये चपलांचा आवाज आला तरी मी दाराच्या पीपहोलला डोळा लावायचे. एकदा अँब्युलन्सचा सायरन ऐकू आला आणि मी धावत बाल्कनीत गेले. ती हायवेने निघून गेली. मी तिथेच खाली बसून रडले.

सातव्या माळेला संध्याकाळी बेल वाजली. दारात आंटीजी. डोळे सुजलेले.

"कल अष्टमी है. मुझे पंचकूला के देवी मंदिर जाना है, माफ़ी माँगने. तीन-चार घंटे लगेंगे. तू नेहा के पास बैठेगी?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. "मैं? आंटीजी, आपका व्रत मैंने..."

"पिछली बार बच्चा गया, तो सबने मुझसे दो दिन छुपाया. मेरे बीपी की वजह से. मैं स्वेटर बुनती रही, पुत्तर... दो दिन." त्यांनी माझा हात धरला. "तू कुछ नहीं छुपाएगी. जो होगा, मुझे बता देगी."

दुसऱ्या दिवशी चार तास मी नेहाच्या उशाशी बसले होते. तिने कूस बदलली तरी मी दचकायचे. दर अर्ध्या तासाने आंटीजींना मेसेज करत होते... पाणी प्यायली, झोपली, बाळ हललं.

जानेवारीत मुलगी झाली, दोघी सुखरूप. मिठाचं काय ते देवी जाणे. पण या परक्या गावात, सगळ्यात जास्त भीतीचे ते चार तास आंटीजींनी माझ्या हवाली केले... इतका मान मला आजवर कुणी दिलेला नाही.