एकाच रंगात

बाई दगड चाटून बघायच्या. हातोडीनं ताजा टवका काढायचा, भिंगाखाली धरायचा आणि जिभेला लावायचा. आतून कुजलेला दगड जिभेला चिकटतो, असं त्या सांगत. रस्त्यानं जाणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. बाईंना त्याचं काहीच वाटत नसे.

जव्हार-मोखाड्याचा भूशास्त्रीय नकाशा करायचं काम त्यांच्याकडे होतं आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. खोली जव्हारला, पण जीप बहुधा उभीच असायची. "जीपमधून सगळा दगड काळाच दिसतो," म्हणत बाई चालू लागत.

पोशेऱ्याच्या बाजूला एका पाड्याखालच्या ओहोळात बंधारा व्हायचा होता. तिथं बाई आठवडाभर ओणव्या होऊन फिरल्या. वरच्या अंगाला लाव्ह्याचा थर अखंड होता. खाली मात्र एक अरुंद पट्टा पार चिरडलेला, शेजारून घुसलेल्या तप्त शिलारसानं भाजलेला, हिरवट पडलेला. वाट दाखवणारे महादूबाबा म्हणाले, "ह्यो कातल पानी पितो, बाय." बाईंनी ते त्यांच्या नावासकट वहीत उतरवलं आणि पाड्यातल्या बायकांना शब्द दिला, की बंधारा वरच्या अखंड कातळावरच होईल.

पक्का नकाशा मी काढत होतो. बाई रजेवर असताना वरिष्ठांनी मला बोलावलं. बंधाऱ्याची जागा खालीच ठरली आहे, तो पट्टा नकाशावर केसाएवढाही भरत नाही, सगळा दगड एकाच रंगात दाखवा, असं त्यांनी सांगितलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी पट्टा पुसला.

बाईंनी परतल्यावर नकाशा बराच वेळ पाहिला. "तुला फरक कळला नसता, तर मी पुन्हा शिकवलं असतं," एवढंच म्हणाल्या. त्यांनी वर पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, बदली आली. निघताना त्यांनी माझा निरोपही घेतला नाही.

बंधारा खालीच झाला. पावसात भरतो, दिवाळी सरली की कोरडा.

बाई गेल्या वर्षी वारल्या. त्यानंतर मी पाड्यावर गेलो, बंधारा झाल्यापासून पहिल्यांदाच. थकलेल्या महादूबाबांनी मला ओळखलं, बसवलं. निवृत्त झाल्यावर बाई एकट्याच एसटीनं आल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. बायकांना जमवून त्यांनी हात जोडले, चूक माझी झाली म्हणाल्या. बायकांनी तोंडाला येईल ते सुनावलं. बाईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं.

"मी इचारलं, तुमच्यासंगं व्हता तो सायेब?" महादूबाबा म्हणाले. "तर बोलली, त्याचा काय दोष नाय."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची सून दरीतून हंडा घेऊन वर आली. अजून धापा टाकत होती, तरी पाहुणा म्हणून तिनं आधी माझ्यापुढे तांब्या भरून ठेवला. मी ते पाणी प्यायलो आणि त्यांचा निरोप घेतला.