फक्कीची भिंत

आमच्या एडवणच्या घरात फक्कीमामांनी घातलेली पहिली भिंत दोन बोटं रुंद होती आणि तिला उंची अजिबात नव्हती. जमिनीवर चुन्याच्या पुडीची एक पांढरी रेघ, एवढंच. "ही तुमची भिंत," ते म्हणाले. "आठ दिवस हिच्यासंगती राहून बघा. जमलं तर विटा मागवू." मैदानावर खेळाच्या रेषा मारतात ती पूड म्हणजे फक्की. ती मारल्याशिवाय या गवंड्याने कुणाच्या घरातली एक वीटही हलवली नव्हती, म्हणून सगळ्या किनाऱ्यावर ते फक्कीमामा. खरं नाव मला फार उशिरा कळलं.

मी यादी करणारी बाई आहे. पालघरला ऑफिस, बोईसरला फ्लॅट, नवऱ्याच्या कारखान्यात पाळ्या. यादीशिवाय आमच्या घरात दूधसुद्धा येत नाही. त्यामुळे सासूबाई एडवणच्या घरातल्या जिन्यावरून घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं, तेव्हा प्लॅस्टर ओलं असतानाच मी कागद काढला होता. डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. पण त्या घरात झोपायची खोली वर आणि खाली सगळा कामाचा पसारा: पुढे ओटा, मग देवाचा कोनाडा असलेलं माजघर, मागे स्वयंपाकघर आणि जाळी ठेवायची लांबट खोली. संडास परसात. माझ्या सासऱ्यांची होडी होती तेव्हा हे सगळं बरोबर होतं.

प्लॅस्टरचे दोन महिने सासूबाई आमच्याकडे बोईसरला राहिल्या. तक्रार कसलीच नाही. बाल्कनीत बसून कारखान्यांच्या बसेस बघायच्या आणि रोज सकाळी विचारायच्या, "आज भरती किती वाजता गो?" चौथ्या मजल्यावर भरतीचं काय काम, असं मी एकदाही म्हटलं नाही, मोबाइलवर बघून वेळ सांगत राहिले. नवरा म्हणाला, "खाली नीट सोय होत असली तर आईला जाऊ दे. नाहीतर घराला कुलूप लावू, ती इथेच राहील." सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तुमी ठरवाल तसं." मी ठरवलं. एकोणीस मुद्दे झाले.

फक्कीमामांना बोलावणं नवऱ्याने पाठवलं. सत्तरीचे, काटकुळे, कानावर पेन्सिल, हातात पत्र्याचा एक जुना डबा. डब्याच्या तळाला खिळ्याने पाडलेली भोकं. दारात चपला काढून आत आले. गवंडी माणूस दुसऱ्याच्या मातीधुळीच्या घरात चपला काढतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती हातभर लांब धरून सगळी वाचली.

"अक्षर झकास हाय," म्हणाले. मग विचारलं, "या घरात चा कुठे बसून पिता?"

"त्याचा काय संबंध?"

"तुमी पिता तो नाय, ताय. वयनी कुठे पितात?" वयनी म्हणजे सासूबाई. ते फाइलमध्ये नव्हतं. मामा एका उपड्या क्रेटवर बसले आणि दुपारपर्यंत फक्त बघत राहिले. मधून उठून भिंतींवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे. टेप त्यांनी खिशातून काढलीच नाही.

माझा बेत सोपा होता. जाळ्यांची खोली सासूबाईंची. तिला लागून मागच्या पडवीत संडास-न्हाणी. त्यासाठी मागचं दार बंद करून तिथे भिंत, आणि खोली व स्वयंपाकघर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत दुसरी. पाइप स्वयंपाकघराच्या मोरीशेजारूनच जातो, खोदकाम कमी, नव्या भिंती दोनच. मामांनी ते सगळं, जसंच्या तसं, फक्कीने जमिनीवर मारलं. जिथे दार तिथे रेघ तोडलेली, जिथे भिंत तिथे अखंड. मागच्या उंबऱ्यावर जाडजूड पट्टा. खाट जाग्यावर आणून ठेवली. संडासाच्या जागी बादली उपडी घातली. मी आठवड्याची रजा टाकली आणि सासूबाईंना बोईसरहून घेऊन आले.

पहिल्याच दिवशी मी भाताचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून सरळ खोलीत गेले. ओट्यावरून आवाज आला, "ताय, भिंतीतनं गेलात! भूत झालात काय?" सासूबाई पोट धरून हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. मी मागे फिरून दारातून आले, भात गार करून.

दुसऱ्या दिवशी मामांनी केरसुणीचा दांडा घेतला आणि संडासाचं दार म्हणून फिरवून दाखवला. माझ्या कागदावर दार आत उघडत होतं. "वयनी आत पडल्या तर दाराला त्यांचंच अंग आडवं येल. मग तुमी काय, छपरातनं उतरणार?" दार बाहेर उघडायचं ठरलं. मग त्यांनी मला सासूबाईंना धरून त्या दारातून न्यायला लावलं. दोन रेघांच्या फटीत आम्ही दोघी मावलो नाही. "एकट्या वयनीचं माप घेतलंत," ते म्हणाले. "त्यांना धरणारी सून पण मापात धरा. खात्यापित्या घरची हाय." मी दार नऊ इंच वाढवलं.

एक गोष्ट मात्र मला सतावत होती. मागच्या उंबऱ्यावरचा पट्टा रोज सकाळी पुसलेला असायचा. बाकीच्या रेघा शाबूत, हीच नाही. मी उशिरा उठत नाही, पण सासूबाई माझ्याआधी उठायच्या. मी मांजराला दोष दिला, मग शेजारच्या कोंबड्यांना. सासूबाई म्हणाल्या, "वारा असल." मी डबा घेऊन पट्टा पुन्हा मारायचे, आदल्या दिवशीपेक्षा जाड.

पाचव्या दिवशी मामा उजाडतानाच आले आणि मला हाक मारून मागे घेऊन गेले. "वारा बघा तुमचा," म्हणाले. उंबऱ्यापासून आत पांढरी पावलं उमटली होती. बायकांची, अनवाणी, टाचा ओल्या. तीन-चार जणींची तरी असतील. ती स्वयंपाकघराच्या मोरीपर्यंत गेली होती आणि परत आली होती. आणि खाटेपासून उंबऱ्यापर्यंत एक वेगळी खूण होती, उजवा पाय ओढत गेल्याची, पडल्यापासून सासूबाई चालतात तशी. उंबऱ्यापाशी फक्की एका जागी नीट पुसली गेली होती, कुणी तिथे बसल्यासारखी.

होड्या आल्या की बायका मागच्या दाराने येतात. वाटा द्यायला, सुकवायच्या मासळीवर मीठ किती टाकायचं ते विचारायला, कुणाची सून कशी वागते ते सांगायला. पुढच्या दाराने माशाची पाटी आमच्या घरात कधीच आली नाही. तिथे माजघरात देव आहेत, आणि पुढे पाहुणे बसतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लग्न झाल्यावर त्या दाराने पाट्या मीसुद्धा आत आणल्या होत्या. पण ते बांधकाम नव्हतं, म्हणून यादीत आलं नव्हतं.

मामा उकिडवे बसून त्या पावलांकडे बघत होते. "भिंत मी बांधीन, ताय. पण ही पावलां कुठे घालू?"

"मग आईंनी सांगायचं होतं!" मला खरंच राग आला. पाच दिवस रजा घेऊन मी कोंबड्यांवर ओरडत होते. "आई, मी तुम्हाला किती वेळा विचारलं!"

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. आखडलेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळत म्हणाल्या, "तू एवढा कागद लिवलास. पाइप जवळ पडतो म्हणालीस. मी मध्ये काय बोलू?" मग म्हणाल्या, "दार बंद करायचं तर मी बोईसरलाच बरी. तिथे दार नाय ते ठाऊक तरी हाय."

मामांनी फाइल उचलली, धूळ झटकून माझ्या हातात दिली. "यादी भारी हाय तुमची. फक्त वयनी तेवढ्या राहिल्यात त्यात." मग त्यांनी डबा सासूबाईंच्या पुढे धरला. "आता तुमी मारा."

"मला काय येतं त्यातलं?"

"घर कुणाचं हाय?"

सासूबाई उठल्या. एका हाताने माझा खांदा धरला, दुसऱ्या हाताने डबा हलवत चालू लागल्या. मनगटात जोर नव्हता, रेघ खेकड्यासारखी तिरपी जात होती. पण त्या अडखळल्या नाहीत. खाट मागच्या दाराकडे तोंड करून. खाट आणि पडवी यांच्यामध्ये कमरेएवढीच भिंत, वरून दिसायला मोकळी. दाराशी एक बसका कट्टा, दोघींना बसता येईल असा. न्हाणी उचलून जिन्याखाली, माजघराच्या दुसऱ्या टोकाला. दोन महिने 'तुमी ठरवाल तसं' म्हणणाऱ्या बाईच्या डोक्यात घर पूर्ण बांधून तयार होतं.

"जिन्याखाली न्हाणी गेली तर पाइप केवढा लांब जाईल!" मी म्हटलं. "माजघराची अख्खी फरशी उकरावी लागेल."

"पाइपाला गुडघे नसतात, ताय," मामा म्हणाले. "जाऊ दे की लांब."

मग विटा आल्या. मामांचं काम ओळंब्याचं. भिंत केसभर कलली तरी पाडून पुन्हा उचलायचे. म्हणून ती कमरेएवढी भिंत वर येऊ लागली तेव्हा मी चक्रावले. सासूबाईंची तिरपी रेघ जशी होती, बरोबर तशीच ती चालली होती, मध्ये बाक घेऊन. "मामा, दोरी धरली नाही का?" त्यांनी ओळंबा लावून दाखवला. "उभी सरळ हाय. आडवी त्यांची हाय." तो बाक असा पडला होता की खाटेवर पडल्यापडल्या मागचं दार पूर्ण दिसायचं. सरळ भिंतीने त्याची एक बाजू झाकली असती. हे सासूबाईंना आधीच कळलं होतं की मनगटामुळे आपोआप झालं, ते मी विचारलं नाही.

मामा शेवटच्या दिवशी काम झाल्यावर त्या कट्ट्यावर बसून चहा प्यायले. सासूबाई शेजारी. बायका पाट्या घेऊन आल्या, मामांना बघून म्हणाल्या, "आमची जागा अडवली कोणी?" मामा उठायला लागले, तर त्यांनी बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसल्या. मी माजघरात उभी राहून ऐकत होते. नवऱ्याला फोन करून सांगितलं, कुलूप आणू नकोस.

पुढे मामांच्या डोळ्यांनी काम सोडलं, आणि दोन वर्षांनी ते गेले. त्यांची मुलगी तो डबा घेऊन आमच्याकडे आली. "बाबांनी एडवणच्या वयनींना द्यायला सांगितलंय," म्हणाली. मला वाटलं होतं, माझ्या नावाने येईल. तसं वाटल्याची जराशी लाजही वाटली. सासूबाईंनी डबा घेतला, भोकं डोळ्यासमोर धरून उजेडात बघितली, आणि कट्ट्याखाली ठेवून दिला.

गेल्या महिन्यात शेजारच्या हिराबायचं घर खालून बदलायचं निघालं. तिच्या नवऱ्याला आता चालवत नाही. मी रविवारी नवी वही घेऊन मदतीला गेले. सासूबाई माझ्याआधीच तिथे होत्या. काठी टेकून, एका उपड्या क्रेटवर बसलेल्या. पायाशी डबा. जमिनीवर पांढऱ्या रेघा, सगळ्या तिरप्या. मी हिराबायला माप विचारायला म्हणून सरळ आत गेले.

"अगो!" मागून आवाज आला. "भिंतीतनं गेलीस!"

मी मागे फिरले आणि दारातून आत आले. वही पिशवीत ठेवली आणि हिराबायच्या नवऱ्याला विचारलं, "काका, तुम्ही चहा कुठे बसून पिता?"