उजवा कौल आणि धाकूचा पाय

राहीचं घरापुढचं खळं अर्धंच सारवून झालं होतं. तुळशीपासून पायरीपर्यंतचा भाग ओला होता, हाताच्या कमानी नुकत्या उठलेल्या. पायरीपासून बेड्याच्या फाटकापर्यंतचा अजून कोरडा, भेगाळलेला. परवा शिमग्याची देवीची पालखी दारात यायची म्हणून तिने पहाटेच शेण कालवलं होतं. कोपरापर्यंत माखलेले हात तसेच धरून ती उभी राहिली, कारण काशीरामतात्या बेड्यातून आत आला आणि वहाणा न काढता सरळ ओल्या सारवणावरून चालत तुळशीपाशी येऊन थांबला.

काशीराम गावकर. देवीचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा, पालखी कुठल्या वाटेने जाईल हे ठरवायचा मानही त्याचाच. त्याने तुळशीच्या बुंध्याशी पानाची पिंक टाकली.

"महिपत खंय गो?"

"पडवीत पडलेत. कुंपण घालताना टाचेत काटा मोडला, चार दिस झाले. पाय सुजलाय."

"काट्याचं काय घेऊन बसलीस! पालखीचा पुढचा खांदा तुमच्या घरचा, परवा तो उभा राहायला हवा. आणि आयक, औंदा धाकूचा फोटो पालखीच्या दांडीला लावायचा ठरवलाय आम्ही. गावचं नाव काढलंन पोरानं. काढून ठेव."

पिंकेचा लाल ओघळ तुळशीवरून खाली उतरत होता, राही त्याच्याकडे बघत होती.

धाकू राहीच्या नवऱ्याचा, महिपतचा, धाकटा भाऊ. राही लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि सासू त्याच साली गेली. त्याला न्हाऊ घालणं, त्याच्या उवा काढणं, त्याला मारणं आणि मग मांडीवर घेणं, सगळं राहीने केलं. भात झोडून झालं की मळ्यात पोरं नारळाची सोडणं सुंभाने बांधून त्याचा चेंडू करीत. धाकूच्या पायाला तो चेंडू चिकटल्यासारखा असे. राही बांधावरून हाका मारी, "मेल्या, गुरं बांध आधी!" तर हा चेंडू नाचवीतच गुरांमागे धावायचा.

अठराव्या वर्षी तो मुंबईला गिरणीत गेला. तिथे जॉबरने, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाने, त्याला संध्याकाळी मैदानावर खेळताना पाहिलं आणि गिरणीच्या फुटबॉल संघात घातलं. दोन वर्षं, फक्त दोन वर्षं तो खेळला. गावाकडची माणसं पाळी संपवून मैदानाच्या दोरीशी उभी राहत आणि त्याच्या नावाने बोंबलत. गणपतीला गावी आला की हीच माणसं त्याला चव्हाट्यावर उभा करून, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी त्याच्या मांडीवर थाप मारीत. "काय पाय हाय, बघा रं!" राहीला तेव्हाही ते बघवत नसे. माणसाच्या अंगाला असा हात लावतात?

सन छत्तीसच्या माघात गोऱ्या सोल्जरांशी सामना झाला. ह्यांचे पाय उघडे, त्यांच्या बुटांना खिळे. धाकूच्या नडगीत खिळा हाडापर्यंत गेला. जॉबरने चिंधी बांधून त्याला पुन्हा मैदानात उतरवला. सामना जिंकले म्हणे. मग त्याच जॉबरने त्याला, शिमग्याला घरी जा, हवेने बरं वाटेल, असं सांगून बोटीवर बसवून दिला.

तो बंदरावरून गाडीने घरी आला तेव्हा हसत होता.

"वयनी, जरासं लागलंय. तू ओरडू नको हां."

तिने चिंधी सोडली आणि पदर नाकाला लावला. मग स्वतःचीच लाज वाटून पदर सोडला आणि कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुतली. रोज धुतली. रोज वास वाढत गेला. ती महिपतला म्हणाली, "ह्याला रत्नागिरीला दवाखान्यात न्या. आजच्या आज." महिपत वाईट माणूस नव्हता, पण गावाला सोडून त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तो म्हणाला, "आधी देवीला विचारू."

राहीचा देवीवर भाव होता. एक मंगळवार चुकवला नव्हता तिने. म्हणून ती देवळाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. आत गुरवाने पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या, उजवीकडे आणि डावीकडे. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. काशीरामने गाऱ्हाणं घातलं, आणि ते राहीने बाहेरून शब्द न् शब्द ऐकलं:

"बाय माझे आवशी, धाकू औंदा तुझ्या पालखीला पुढचा खांदा देईल, तर उजवा दे!"

उजवी पाकळी पडली. "उजवा! उजवा!" म्हणत सगळे बाहेर आले. महिपतच्या डोळ्यांत पाणी होतं. "बरा होणार पोर," तो म्हणाला.

पायाचं कोणी विचारलंच नव्हतं. खांद्याचं विचारलं होतं. राहीला ते तिथेच कळलं, पण देवळात बायकांनी बोलायचं नाही, आणि ती बोलली नाही. त्या गप्प राहण्याची किळस तिला अजून येई. शेणात हात घालून येत नसे तेवढी.

"कौल झाला, आता डाक्टर कशाला? देवीवर भरवसा नाय?" काशीरामने विचारलं, आणि गाडी जुंपली गेली नाही.

पुनवेला धाकूने खांदा दिला. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि ढोलावर पालखी नाचवली. धोतरावरून पिवळं लाल काहीतरी ओघळत होतं, ते गुलालात कोणाला दिसलं नाही, किंवा दिसूनही नाही. काशीराम ओरडत होता, "हाण! गावचा वाघ हाय!" दुसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत काळा पडला. धाकू भ्रमात पाय झाडीत म्हणायचा, "पास दे रे, इकडं पास दे." पंचमीला, लोक रंग खेळून घरी परतत असताना तो गेला. बावीस वर्षांचा होता.

"देवीच्या सेवेत गेला, भाग्य लागतं," काशीराम तेराव्याला लाडू खाताना म्हणाला होता. दोन लाडू खाल्लेन. गिरणीने पुढे फोटो पाठवला: पट्ट्यांचा सदरा, हाताची घडी, पायाखाली चेंडू.

आणि आता तो फोटो ह्याला दांडीला लावायला हवा होता.

"तात्या, फोटो मिळायचा नाय," राही म्हणाली.

"का गो?"

"त्याला एकदा नाचवलात, तेवढं पुरे."

काशीरामचा चेहरा उतरला, पण लगेच तो सावरला. "बरं, ऱ्हायलं. महिपतचं बोल. आत्ता जाऊन कौल लावतो. उजवा पडला तर..."

"काय विचारणार तुम्ही?"

"म्हंजे?"

"गेल्या साली तुम्ही पालखीचं विचारलंत, देवीनं पालखीचं सांगितलंन. ती खोटी नव्हे. मी पायरीशी होते, आयकलंय. ह्यांचा पाय राहील काय, असं विचाराल? नाय विचारणार. कारण डावी पडली तर तुमचा खांदा जाईल."

"बायामाणसानं देवीच्या कौलात..."

तेवढ्यात महिपत पडवीच्या खांबाला धरून बाहेर आला. "ऱ्हाऊ दे गो. येतो मी. घरचा मान हाय."

टाचेपासून एक तांबडी रेघ पोटरीवर चढली होती. काल ती नव्हती.

"बसा तिथंच," राही म्हणाली. नवऱ्याशी ती अशी कधी बोलली नव्हती. महिपतने तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाकडे, आणि तो खाली बसला.

"मान दुसऱ्या घरी जाईल," काशीराम म्हणाला. "एकदा गेला की परत येत नाय."

"जाऊ दे. आणि जाताना कोरड्यावरून जा."

तो ओल्यावरूनच गेला. वहाणांचे ठसे सारवणात उमटले. राहीने तांब्याभर पाणी तुळशीच्या बुंध्याशी ओतून ती पिंक धुतली, हात धुतले, आणि देवळाच्या दिशेने जोडले. घमेल्यातलं शेण वाळायला लागलं होतं. ते तसंच ठेवून ती शेजारच्या आत्मारामाच्या घरी बैलगाडी मागायला निघाली. महिपतला रत्नागिरीच्या दवाखान्यात न्यायचं होतं.